लावलेली रॅम आणि वापरता येणारी रॅम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना खऱ्या बिघाडांपेक्षा जास्त वेळ एका तक्रारीवर जातो: रॅम इतकी लावली, पण मशीन तितकी वापरतच नाही. हॉस्टेलवरची मुलं विचारतात, नारायण पेठेतले डीटीपीवाले विचारतात, नातवाचा जुना डेस्कटॉप वापरणारे आजोबा तर हिशोबाची वही घेऊन विचारतात. प्रश्न साधारण त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

८ जीबीचा लॅपटॉप घेतला. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडलं, तर त्यातली ५.९ जीबीच वापरता येते म्हणतोय. दुकानदाराने गंडवलं का?

नाही. त्याच ओळीत आधी ८ जीबी लिहिलंय ना, तो उलट त्याच्या बाजूचा पुरावा आहे. रॅमच्या पट्टीवर एक बारीकशी चिप असते आणि त्या पट्टीची क्षमता व वेग तिच्यात नोंदलेला असतो. मशीन सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, ही नोंद वाचतो आणि पुढे विंडोजला कळवतो. पहिला आकडा तिथून येतो. दुसरा आकडा म्हणजे विंडोजच्या हातात प्रत्यक्ष पडलेली मेमरी.

मधले दोन जीबी बहुधा ग्राफिक्सने घेतलेत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चित्र दाखवायचं काम प्रोसेसरच्या पोटातलाच एक भाग करतो. त्याला स्वतःची मेमरी नसते, म्हणून विंडोज जागं व्हायच्या आधीच तुमच्या रॅममधला एक तुकडा त्याच्या नावे बाजूला काढला जातो. एएमडी रायझनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा तुकडा २ जीबीचा असतो. इंटेलच्या मशीनवर बहुतेकदा ७.७ किंवा ७.८ दिसतं, कारण तिथे सुरुवातीला थोडीच मेमरी घेऊन नंतर लागेल तशी मागायची पद्धत आहे.

नक्की किती मेमरी अडकली आहे, ते कुठे बघायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर गेलात की खाली ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ असा आकडा दिसेल. किती स्लॉट, म्हणजे रॅमच्या पट्ट्या बसवायच्या खाचा, भरलेत तेही तिथेच लिहिलेलं असतं. चित्र बघून लवकर कळत असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा. त्यातल्या मेमरीच्या पट्टीत राखाडी रंग म्हणजे हार्डवेअरने अडवलेली, हिरवा म्हणजे वापरात असलेली आणि फिका निळा म्हणजे मोकळी. तक्रार असते ती राखाडीबद्दल. बाकीचे रंग तुमच्याच मालकीचे.

घरचा जुना डेस्कटॉप आहे. २ आणि २ अशी ४ जीबी रॅम आहे, पण विंडोज ३.२५ च्या वर जात नाही. पाऊण जीबी गेली कुठे?

आधी विंडोज ३२ बिटचं आहे का ते बघा. ‘अबाउट’च्याच पानावर ‘सिस्टिम टाइप’पुढे लिहिलेलं असतं. ३२ बिटचं असेल, तर रॅम कुठेही गेलेली नाही. तिला पत्ता मिळालेला नाही, एवढंच.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो आणि प्रोसेसर त्या क्रमांकानेच हाक मारतो. क्रमांक लिहायला ३२ बिट असतील, तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक तयार होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण हे क्रमांक एकट्या रॅमसाठी नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, साउंड, यूएसबी कंट्रोलर, बायोसची स्वतःची चिप, या सगळ्यांशीही प्रोसेसर मेमरीशी बोलावं तसाच, क्रमांक देऊन बोलतो. त्यांनाही याच चार जीबींतून क्रमांक द्यावे लागतात.

पेठेतल्या घरनंबरांसारखं आहे हे. समजा एखाद्या पेठेत नियमच केला की घरनंबर ०००० ते ९९९९ एवढेच. त्यातले हजार-दीड हजार नंबर देवळं, शाळा, पोलीस चौकी, पालिकेचं पंपघर यांना देऊन झाले. आता त्या पेठेत दहा हजार बिऱ्हाडं राहायला आली, तर शेवटच्या हजार-दीड हजारांना घर असूनही नंबर नाही. पोस्टमन तिथे जाणार कसा?

मदरबोर्डावरच्या उपकरणांचे हे पत्ते नेहमी ४ जीबीच्या हद्दीच्या लगेच खाली, वरच्या टोकाला मांडलेले असतात. बायोस बनवणारे तिथे जरा सढळ हाताने जागा सोडतात, कारण तुम्ही उद्या कोणतं कार्ड खोचाल ते त्यांना माहीत नसतं. कार्डं जोडायची जी पीसीआय एक्स्प्रेस नावाची सोय असते, एकट्या तिच्या जुळणीच्या नोंदींना २५६ एमबीचे पत्ते लागू शकतात. म्हणून कुणाकडे ३.५ दिसतं, कुणाकडे ३.२५, तर कुणाकडे ३ च्याही खाली. आकडा बोर्डागणिक बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनशी तुलना करून हाती काही लागत नाही.

म्हणजे माझ्या ग्राफिक्स कार्डात १ जीबी मेमरी आहे, तेवढी ४ मधून वजा करायची का?

हा हिशोब सर्रास सांगितला जातो, पण तो तंतोतंत खरा नाही. कार्डावरची सगळी मेमरी एकदम प्रोसेसरच्या पत्त्यांमध्ये मांडावीच लागते असं नाही. तिच्यात डोकावायला एक खिडकी मिळाली की काम भागतं, आणि बऱ्याच कार्डांमध्ये ही खिडकी २५६ एमबीची असे. त्यामुळे मोठं कार्ड लावल्यावर आकडा थोडा घसरतो, हे बरोबर. कार्डावर लिहिलेला आकडा जसाच्या तसा वजा होतो, हे चूक.

३२ बिटवर ४ जीबीच्या वर जाताच येत नाही, हे तरी खरं का?

पूर्ण खरं नाही, आणि मला या विषयातला सगळ्यात गमतीचा भाग हाच वाटतो. इंटेलने १९९५ साली पेंटियम प्रो आणला, तेव्हाच ३२ बिटच्या प्रोसेसरला ३६ बिटचे पत्ते देण्याची सोय केली होती. पीएई म्हणतात तिला. ३६ बिट म्हणजे ६४ जीबी. विंडोज सर्व्हर २००३ च्या एंटरप्राइझ आवृत्तीने ३२ बिटवर हे करूनही दाखवलं. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पीएई असलेलं ३२ बिट कर्नलही (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) ४ जीबीच्या वरची रॅम बिनबोभाट वापरतं.

मग घरगुती विंडोजला काय झालं? ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम, आडवे आले. प्रिंटर, टीव्ही ट्यूनर, स्वस्तातली साउंड कार्डं यांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी पत्ता ३२ बिटांतच मावणार असं धरून चाललेलं होतं. त्यांच्यासमोर ४ जीबीच्या पलीकडचा पत्ता आला की तो कापला जायचा, आणि ड्रायव्हर भलत्याच जागी लिहून मशीन निळ्या पडद्यावर आणायचा. म्हणून मायक्रोसॉफ्टने २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ (सुधारणांचा गठ्ठा) पासून घरगुती आवृत्तीत ४ जीबीच्या वरचे पत्ते वापरायचेच नाहीत असं ठरवलं. गंमत अशी की त्याच सर्व्हिस पॅकमध्ये सुरक्षेसाठी जी डीईपी नावाची सोय आली, तिच्यासाठी पीएई सुरू ठेवावं लागतं. म्हणजे दार बसवलेलं, कुलूपही लावलेलं.

इंटरनेटवर हे कुलूप तोडणारे पॅच मिळतात. कोणा अनोळखी माणसाने फिरवलेलं कर्नल पाऊण जीबीसाठी मशीनवर चढवणं हा माझ्या मते अत्यंत वाईट सौदा आहे. आमच्याकडे कुणी मागितलं तरी आम्ही करून देत नाही.

विंडोज व्हिस्टा टाकल्यावर ४ जीबी दिसायला लागली होती. म्हणजे व्हिस्टा वापरू शकत होता ना?

नाही हो. व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅक १ पासून फक्त दाखवायचा आकडा बदलला, वापरायचा नाही. लोकांच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून लावलेली रॅम दाखवू लागले. विंडोज ७ मध्ये मग दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आले.

६४ बिट विंडोज टाकून घेऊ का मग?

४ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम असेल आणि प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर हो. पण आधी तीन गोष्टी विचारात घ्या.

पहिली, ३२ वरून ६४ वर चालतं-बोलतं अपग्रेड होत नाही. सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकावं लागतं. डेस्कटॉपवरचे फोटो सी ड्राइव्हमध्येच असतात हे लोकांना नेमकं फॉरमॅट झाल्यावर आठवतं.

दुसरी आणि महत्त्वाची, जुनी सॉफ्टवेअर. ६४ बिट विंडोजवर साधे ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, पण १६ बिटचे, म्हणजे डॉसच्या काळातले, चालत नाहीत. हिशोबाची किंवा पतपेढीची तशी पॅकेजं अजूनही काही जण सांभाळून आहेत. शिवाय ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो, तिथे तडजोड नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांचा प्रश्न इथेच अडतो: मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला खोचायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालतं, आणि त्या डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर कधी निघालाच नाही. अशा माणसाला मी सरळ सांगतो, ते मशीन आहे तसं ठेवा, इंटरनेटला जोडू नका, आणि नवं काम युनिकोडवर दुसऱ्या मशीनवर करा. पाऊण जीबीपायी चालता धंदा बंद करू नये.

तिसरी, रॅम २ जीबीच असेल तर ६४ बिटने मशीन हळूच होईल. प्रोग्रामच्या आत पत्ते साठवायला दुप्पट जागा लागते, आणि मिळवायला तर काहीच नाही.

आणखी एक. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुन्या मशीनला ६४ बिट द्यायचं असेल, तर लिनक्सचाही विचार करा.

६४ बिट टाकलं, तरी ३.२ च दिसतंय! आता?

आता चिपसेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसरला रॅमशी आणि बाकीच्या उपकरणांशी जोडणाऱ्या चिप, बघावा लागेल. पत्ते ६४ बिटचे झाले तरी उपकरणांची ती राखीव जागा ४ जीबीच्या खालीच राहते. तिच्याखाली दबलेली रॅम उचलून ४ जीबीच्या वर नेऊन ठेवायचं काम बोर्डाचं. बायोसमध्ये त्याला ‘मेमरी रीमॅप’ किंवा तशाच नावाचं सेटिंग असतं. ते बंद असेल तर सुरू करा, काम झालं.

सेटिंगच नसेल, तर बहुधा बोर्डाला ते जमतच नाही. २००६-०७ च्या सुमारास आलेले इंटेल ९४५ चिपसेटचे लॅपटॉप याचं नमुनेदार उदाहरण आहेत. वर प्रोसेसर कोअर २ ड्युओ, म्हणजे चांगला ६४ बिटचा, पण चिपसेटला ४ जीबीपलीकडचा पत्ताच कळत नाही. सेकंड हँड बाजारात असं मशीन आणि वर ‘४ जीबी पर्यंत वाढवता येईल’ असं सांगणारा विक्रेता भेटला, तर तो खोटं बोलत नसतो, पण पैसे मात्र ३ जीबीचेच द्या.

१६ जीबी लावली, विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट आहे, ८ च वापरतो. असं का?

कारण आवृत्तीलाच मर्यादा आहे. होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६, प्रोफेशनल आणि अल्टिमेटला १९२. इथे हार्डवेअरचं काहीच अडत नाही. ही शुद्ध दुकानदारी आहे, आणि हार्डवेअरचे सगळे उपाय करून थकलेला माणूस हे शेवटी तपासतो. विंडोज १० आणि ११ च्या होमला १२८ जीबीपर्यंत चालते, त्यामुळे हल्ली हा प्रश्न घरगुती मशीनला येत नाही.

एका व्हिडिओत बघून एमएसकॉन्फिगमध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक केली आणि आकडा टाकला. त्याने रॅम सुटते ना?

सुटत नाही, बांधली जाते. ते सेटिंग ड्रायव्हर आणि प्रोग्राम तपासणाऱ्यांसाठी आहे: कमी मेमरीत आपला प्रोग्राम कसा वागतो हे बघायला मुद्दाम मर्यादा घालायची. त्यात किती मोठा आकडा टाकला तरी असलेली मेमरी वाढत नाही, आणि तो आकडा रॅमचं माप म्हणून नाही, तर सगळ्यात वरच्या पत्त्याची हद्द म्हणून धरला जात असल्याने ‘४०९६’ टाकणाऱ्याची चालू असलेली मेमरी उलट कमी होते. टिक काढा, ओके करा, मशीन रीस्टार्ट करा. शेजारच्या ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’वरची टिकही काढा. ज्याने पहिली केली त्याने ती केलेलीच असते.

ऑनबोर्ड ग्राफिक्सने घेतलेली मेमरी परत मिळवता येते का?

काही मशीनमध्ये येते. बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ किंवा ‘शेअर्ड मेमरी’ शोधा. २ जीबीच्या जागी ५१२ एमबी ठेवली तर दीड जीबी विंडोजला मिळेल. ऑफिस, ब्राउझर, ऑनलाइन क्लास एवढंच काम असेल तर फरक जाणवत नाही. गेम खेळत असाल तर हात लावू नका, काही गेम तो आकडा बघूनच सुरू होतात. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी बऱ्याचदा हे सेटिंग लपवलेलं असतं, मग इलाज नाही. अशा वेळी दुसरी ८ जीबीची पट्टी टाकणं हाच सरळ मार्ग. दोन पट्ट्या झाल्या की दोन्ही चॅनल, म्हणजे रॅमकडे जायच्या दोन्ही वाटा, चालू होतात आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’पुढे रॅमच्या निम्मा आकडा दिसतो, त्याने घाबरू नका. ती अडवून ठेवलेली नसते. लागली तर तिथवर उसनी घेता येईल, एवढाच त्याचा अर्थ.

८ आणि ८ अशा दोन पट्ट्या आहेत. १६ दिसते, पण वापरता येते ७.९. हेही ग्राफिक्सच का?

नाही, आणि हा प्रश्न वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. पाऊण जीबी, दोन जीबी असे अडनिडे आकडे गेले तर कुणीतरी ठरवून घेतलेत. बरोबर निम्मी गायब झाली, तर एक अख्खी पट्टी बोलत नाहीये. तिच्यावरची ती बारीक चिप वाचली गेली, म्हणून १६ दिसतं. मेमरी प्रत्यक्षात जोडली गेली नाही, म्हणून ७.९.

मशीन बंद करा, प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी सुटत असेल तर तीही. पट्ट्या काढून सोनेरी संपर्कांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटका, आणि दोन्ही बाजूंची खिटी खट् वाजेपर्यंत बसवा. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा आणि एरवीची धूळ दोन्ही भरपूर, त्यामुळे निम्म्या केसेस इथेच सुटतात. नाही सुटलं तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. पट्टी खराब असेल तर ती कुठेही लावा, अडेलच. एकाच स्लॉटमध्ये दोन्ही अडत असतील, तर स्लॉट गेला, किंवा डेस्कटॉपवर प्रोसेसरच्या सॉकेटची एखादी पिन वाकली असेल. कूलर काढून पुन्हा घट्ट आवळल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर दाब वाकडा बसलाय असं समजा. पट्टी दिसते पण मशीन मधूनच बंद पडतं, अशा वेळी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, रात्रभर चालू ठेवावी.

लिनक्सवर ‘फ्री’ कमांड ८ ऐवजी ७.६ दाखवते. इथे कोण खातं?

ग्राफिक्सचा राखीव तुकडा आणि बायोसने आपल्यासाठी अडवलेले भाग इथेही असतात. त्यात कर्नलने स्वतःच्या कोडला आणि मेमरीच्या हिशोबवहीला घेतलेली जागा भरते. ‘डीमेसेज’ या कमांडच्या सुरुवातीला ‘मेमरी’ अशी ओळ येते, तिच्यात कर्नल किती मिळाली आणि किती राखली याचा हिशोब स्वतःच देतं. विंडोजपेक्षा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. लावलेल्या पट्ट्या बघायच्या असतील तर ‘डीएमआयडीकोड’ ही कमांड.

आणि ‘फ्री’ नावाच्या रकान्यात अगदीच कमी दिसलं तर दचकू नका, ‘अव्हेलेबल’चा रकाना बघा. मोकळी पडलेली रॅम फायलींच्या कॅशेसाठी, म्हणजे पुन्हा लागतील अशा फायली हाताशी ठेवायला, वापरली जाते आणि प्रोग्रामने मागितली की लगेच सोडली जाते. विंडोजचंही तसंच आहे. रॅम ‘मोकळी’ करून देणारी जी बूस्टर ॲप्स असतात, ती हीच कॅशे पुसतात आणि मशीन आणखी हळू करतात.

हार्ड डिस्क ५०० जीबीची घेतली की ४६५ दिसते. रॅमचंही तेच ना?

नाही. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. रॅमचे दोन्ही आकडे १०२४ च्याच पटीत असतात, तिथे हा फरक पडत नाही.

आमचे हे म्हणतात, ही सगळी नवं मशीन विकायची युक्ती आहे.

त्यांना सांगा, हे दुखणं पहिल्या पीसीपासूनचं आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८०८८ प्रोसेसर होता, पत्त्याला २० बिट, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी पडदा, कार्डं आणि रॉमला राखून प्रोग्रामसाठी ६४० केबी ठेवले. त्या वेळी ते भरपूर होते. काही वर्षांत डॉसवाल्यांना तेच अपुरे पडले आणि त्या हद्दीपलीकडे जायला नाना खटपटी कराव्या लागल्या. ३२ बिटला घडलं ते हेच, फक्त आकडे मोठे. ६४ बिटमध्येही आजचे प्रोसेसर सगळे ६४ बिट वापरत नाहीत. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांना अनेक वर्षं रॅमसाठी ३९ बिटांचेच पत्ते होते, म्हणजे ५१२ जीबी. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ लिहून तुमचा आकडा बघता येईल.

मशीन दाखवायला आणताना सोबत काय आणू?

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानाचा फोटो आधी पाठवा. अर्ध्या लोकांना त्यावरूनच घरबसल्या उत्तर मिळतं, आणि टिळक रोडच्या रहदारीतून सीपीयूचा डबा मांडीवर घेऊन यायची वेळ येत नाही. यावंच लागलं, तर जुनी काढलेली पट्टी असल्यास तीही आणा, अदलाबदल करून बघायला उपयोगी पडते. लॅपटॉपचा पासवर्ड कागदावर लिहून आणा. आणि चार्जर. तो सगळे घरीच विसरतात.